दर गुरुवारी दाताचा डॉक्टर

आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा दात सहा महिने दुखत होता. दर गुरुवारी मुलुंडची बँक सुटली की त्या ठाणे स्टेशनला उतरत, नौपाड्यातल्या 'डेंटिस्ट'कडे जात आणि मग टीएमटीची बस धरून घोडबंदर रोडवर, वाघबीळच्या आपल्या घरी पोचेपर्यंत त्यांना नऊ वाजत. सासूबाईंनी पहिले दोन महिने काही विचारले नाही. मग एका गुरुवारी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, कवळी करायला टाकली असती तरी एवढ्यात बसवून झाली असती. कुठला हा डॉक्टर तुझा?" बाई गालाला हात लावून आत निघून गेल्या.

दात दुखत नव्हता. नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर समुपदेशन करणाऱ्या एका मॅडमकडे त्या जात होत्या. पंचेचाळीस मिनिटे बसायचे, बोलायचे, कधी नुसतेच बसायचे आणि परत यायचे. सेहेचाळीस वर्षांची, बँकेत अधिकारी असलेली, लोकांच्या गृहकर्जाच्या कागदांवर सह्या करणारी बाई. पण एवढी साधी गोष्ट घरात सांगण्यापेक्षा तिला दाताच्या मुळांवर सहा महिने उपचार 'करून घेणे' सोपे वाटले. ही हकिकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून इथे देत आहे. त्यांची एकच अट होती: "वाचून कुणी मला ओळखलं तर चालेल एक वेळ, पण माझ्या आईला कुणी वाईट म्हणता कामा नये." ही अट का, ते पुढे येईलच.

लपवाछपवीचे एक कारण गावातच आहे. ठाण्याला १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. पण मुंबई-कोकणातल्या कितीतरी घरांत 'याला आता ठाण्याला पाठवायला हवं' या वाक्याचा अर्थ शंभर वर्षे एकच होता. पुण्यात निदान 'येरवडा' म्हटल्यावर तुरुंग की इस्पितळ, असा प्रश्न तरी पडतो. ठाण्याच्या बाबतीत तोही पडत नसे. ठाण्यात लहानाची मोठी झालेली माणसे सांगतात, परगावच्या लग्नात 'कुठून आलात?' या प्रश्नाचे उत्तर दिले की समोरचा हमखास हसायचा.

आणि गंमत अशी, की मनाच्या दुखण्याविषयी मध्यमवर्गीय मराठी घरांत मोकळेपणाने बोलायला लावणारे एक मोठे कामही याच गावात उभे राहिले. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. ठाणेकर तिला नुसते 'आयपीएच' म्हणतात. वेड लागलेल्यांसाठीच मनाचा डॉक्टर असतो हा समज तिने व्याख्यानांतून, पुस्तकांतून, शाळांमधल्या शिबिरांतून चिकाटीने खोडून काढला. डॉ. नाडकर्णींच्या एका पुस्तकाचे नावच 'शहाण्यांचा सायकिॲट्रिस्ट' असे आहे. त्याआधी मुंबईत किशोर फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे धडे देऊन समुपदेशकांची एक पिढी घडवली होती. एलिसांशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. म्हणजे 'ठाण्याला पाठवणे' आणि 'ठाण्याला जाऊन येणे' या दोन अगदी निराळ्या गोष्टी झाल्याला आता तीन दशके उलटून गेली. तरीही दात दुखतोच.

आता घोडबंदर रोडविषयी. कापूरबावडीहून निघालो की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा आणि मग गायमुखचा घाट. नावे सगळी पाड्यांची आणि खेड्यांची, घरे मात्र तीस-तीस मजल्यांची. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांची रात्रभर घरघर. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. या इमारतींत राहायला आलेली मराठी कुटुंबे कुठून आली म्हणून विचारले तर बहुतेक उत्तरे ठरलेली: डोंबिवलीची चाळ, गिरगावातली दीड खोली, परळ-लालबाग, कळव्यातले भाड्याचे घर. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज घालून घेतलेले दोन बेडरूमचे घर. बाल्कनीतून डोंगर दिसतो. घराला दार आहे आणि ते आतून लावता येते.

नेमक्या याच घरात, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर, जुने दुखणे वर येते. बाईंचेही तसेच झाले. आयुष्यात वाईट घडत असताना त्या कधी कोलमडल्या नाहीत. वडील गेले तेव्हा नाही, भावाच्या लग्नात कर्ज झाले तेव्हा नाही, बाळंतपणानंतर नोकरी आणि घर सांभाळताना नाही. नव्या घराची वास्तुशांत होऊन वर्ष झाले, मुलगी आठवीत गेली, आता जरा निवांत बसू म्हणाल्या, तेव्हा त्यांची झोप उडाली.

निमित्त लिफ्टचे. त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच. रात्री लिफ्ट येऊन थांबली की दाराचा 'खट्' असा आवाज होई आणि बाईंच्या छातीत धस्स होई. हातपाय गार, पोटात गोळा, कान दाराकडे. येणारा माणूस म्हणजे त्यांचा नवरा. मीरा रोडच्या एका कंपनीत नोकरी, घाटात वाहने अडकली की यायला साडेअकरा-बारा. दारू नाही, आवाज चढवणे नाही. येतो, बूट काढतो, ताटावरचे झाकण उचलून मुकाट्याने जेवतो. पण लिफ्ट वाजली की बाई डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून झोपल्याचे सोंग घेत. किती वर्षे? "लग्न झाल्यापासून. चाळीत असताना जिना वाजला की घ्यायचे, इथे लिफ्ट वाजली की." नवऱ्याचा समज असा, की ही आपल्यावर कायमची नाराज आहे. त्याने विचारणे सोडून दिले होते. एका घरात दोन माणसे पंधरा वर्षे अशी राहिली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला भांडण म्हणून काही दिसले नसते.

मग एका रात्री लिफ्ट वाजली तेव्हा बाई मुलीच्या खोलीत होत्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी पाहिले, तर वाचत पडलेल्या मुलीने पुस्तक उशीखाली सरकवले, डोळे घट्ट मिटले आणि श्वास रोखून धरला. "काय झालं गं?" तर डोळे न उघडता मुलगी म्हणाली, "काही नाही. बाबा आले ना. तू झोपल्याचं सोंग घेतेस, म्हणून मी पण."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी बँकेच्या जिन्यात उभे राहून फोन लावला आणि गुरुवारची वेळ घेतली.

*

इंग्रजीत ज्याला 'ट्रॉमा' म्हणतात त्याला वर्तमानपत्री मराठीत 'मानसिक आघात' म्हणतात. घरातला शब्द मात्र त्याहून नेमका आहे: धसका. 'पोरीने धसका घेतला', 'त्याने जी हाय खाल्ली ती खाल्लीच.' आघात बाहेरून होतो आणि होऊन जातो. धसका मात्र माणूस आत घेतो आणि तो आतच राहतो. वैद्यकशास्त्राला हा फरक कागदावर आणायला बराच काळ लागला. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहिल्यानंतर १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत आघातानंतरच्या तणावविकाराला जागा मिळाली. तेव्हा डोळ्यांसमोर होते ते युद्ध, अपघात, बलात्कार, भूकंप, म्हणजे एकदाच कोसळणारे संकट. रोज संध्याकाळी सात वाजता घरी येणाऱ्या संकटाचे काय? ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये पुस्तक लिहून मांडले की घरातल्या सततच्या मारहाणीने, अत्याचाराने होणारी जखम वेगळ्या जातीची असते. ती नुसती आठवणीत राहत नाही, माणसाच्या स्वभावात आणि नात्यांत मुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात या गुंतागुंतीच्या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळाले. ते वर्गीकरण लागू झाले २०२२ साली. म्हणजे पुस्तकानंतर तीस वर्षांनी.

कॅलिफोर्नियातल्या सान दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावरचा दवाखाना चालवीत. त्यांना एक कोडे पडले. वजन छान उतरत असताना लोक उपचार सोडून जात. मुलाखती घेता घेता अनेकांच्या लहानपणीच्या अत्याचारांच्या कथा बाहेर आल्या. त्यातून रॉबर्ट अँडा यांच्यासह १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. प्रश्न साधे होते: लहानपणी घरात मारहाण होत असे का, आईला मारलेले पाहिले का, घरात कुणी दारुडे होते का, वगैरे. दोन तृतीयांश लोकांचे निदान एका प्रश्नाला तरी 'हो' असे उत्तर आले. आणि 'हो' जितके जास्त, तितके पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचे प्रमाण जास्त. ही माणसे बहुतांशी नोकरदार, शिकलेली, आरोग्यविमा असलेली होती. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतल्यासारखीच.

मेंदूत काय होते ते ढोबळपणे असे. नेहमीच्या आठवणीवर टपालासारखा तारखेचा आणि गावाचा शिक्का पडतो: अमुक साल, डोंबिवली, तेव्हा मी आठ वर्षांची. जीव मुठीत धरलेला असताना ज्या आठवणी साठतात त्यांवर हा शिक्का नीट उमटत नाही. धोक्याची घंटा वाजवणारा, बदामाच्या आकाराचा मेंदूचा एक भाग आहे. त्याला पत्र मिळते ते तारखेविना. म्हणून चाळीस वर्षांनंतर लिफ्टचे दार वाजले तरी शरीर म्हणते, आत्ता, इथे, पळ. 'आता वडील नाहीत, नवरा साधा आहे' हे बाईंना कळत नव्हते काय? पक्के कळत होते. म्हणूनच 'जुनं उगाळू नकोस, विसरून जा' या सल्ल्याचा उपयोग होत नाही. जे माणूस स्वतःहून उगाळतच नाही, ते थांबवणार कसे?

बाईंचे लहानपण डोंबिवलीच्या चाळीत गेले. वडील एमआयडीसीत कामाला. पगाराच्या आठवड्यात पिऊन येत. लाकडी जिन्याची चौथी पायरी वाजत असे. ती कशी वाजते यावरून आज किती घेतली आहे ते आठ वर्षांच्या या मुलीला कळे. रेडिओ बंद करायचा, धाकट्या भावाचे दप्तर आड करायचे, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचा. आणि आई अंधारात कुजबुजायची, "झोपल्याचं सोंग घे. हलू नकोस." मग भिंतीकडे तोंड करून पुढचे सगळे ऐकायचे.

*

पहिल्या गुरुवारी त्यांनी पंचेचाळीस मिनिटे नवऱ्याविषयी तक्रार केली. उशिरा येतो, बोलत नाही, त्याचे माझ्याकडे लक्ष नाही. वडिलांचा विषय निघाला तेव्हा 'वडील वारले, त्यांना दारूची सवय होती' एवढे एक वाक्य, तेही पर्स आवरता आवरता. मॅडमनी ते ऐकले आणि म्हणाल्या, "आज त्याविषयी बोलायलाच हवं असं नाही." बाईंना आश्चर्य वाटले. त्यांची कल्पना अशी, की इथे पहिल्याच दिवशी सगळे ओकून टाकावे लागते, रडावे लागते आणि मग हलके वाटते. सिनेमात तसेच दाखवतात.

प्रत्यक्षात चांगला समुपदेशक घाई करत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे फार माणसे बिचकतात किंवा मध्येच सोडतात. हर्मनबाईंनी उपचाराचे तीन टप्पे सांगितले आहेत. आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, शेवटी पुन्हा माणसांत येणे. पहिल्या टप्प्याला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने. त्या आधीच जखम उघडली तर फायद्यापेक्षा इजाच व्हायची. म्हणूनच मोठ्या दुर्घटनेनंतर लोकांना एकत्र बसवून लगेच सगळे बोलायला लावण्याची जी पद्धत एके काळी सर्रास होती, ती आता योग्य मानली जात नाही.

तर बाईंचे पहिले दोन महिने कशात गेले? लिफ्ट वाजल्यावर काय करायचे ते शिकण्यात. तळपाय फरशीला टेकवायचे. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. बाल्कनीत जाऊन दिसतील त्या पाच गोष्टी मनात मोजायच्या: येऊरच्या डोंगराची कड, मेट्रोचा खांब, टँकर, समोरच्या इमारतीवरची क्रेन, औषधाच्या दुकानाचा हिरवा दिवा. "मला आधी हसू आलं," बाई म्हणाल्या. "एका वेळचे हजार रुपये देऊन मी टँकर मोजायला शिकले." पण या मोजण्याने मनाला तारीख आणि गाव यांची आठवण राहते. चाळीतून टँकर दिसत नसे.

तिसऱ्या महिन्यात त्यांना वाटू लागले की आपली तब्येत बिघडत चालली आहे. स्वप्ने पडत, कामात चुका होत, मुलीवर ओरडणे होई. त्यांनी लागोपाठ दोन गुरुवार चुकवले. हे फार जणांचे होते. बधिर झालेल्या पायाला रक्त यायला लागले की मुंग्या येतातच. त्या परत गेल्या, कारण मॅडमनी पहिल्याच भेटीत हे बजावून ठेवले होते: असे दिवस येतील, तेव्हा न येता थांबू नका, येऊन सांगा. त्यानंतर मात्र जिन्याची चौथी पायरी त्या खोलीत वाजू लागली.

उपचाराच्या रीती अनेक आहेत. विचारांची गाठ सोडवणाऱ्या आहेत. 'मी तेव्हा आईला वाचवायला हवे होते' असे आठ वर्षांच्या मुलीला दोषी धरणारे वाक्य चाळीस वर्षे मनात राहिले, तर ते वाक्य उलटसुलट तपासावे लागते. एलिस यांचा मार्ग इथे उपयोगी पडतो. आठवण मनात आणत असताना डोळ्यांची विशिष्ट हालचाल करायला लावणारी 'ईएमडीआर' नावाची पद्धतही आहे. फ्रॅन्सिन शपिरो यांनी ती १९८७ साली शोधली. ती ऐकायला जादूटोण्यासारखी वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेने आघातावरच्या उपचारांत तिला मान्यता दिली आहे. कोणती पद्धत कुणाला लागू पडेल ते तज्ज्ञाने ठरवायचे. समोरचा माणूस विश्वासाचा वाटतो की नाही, हे मात्र आपण ठरवायचे, आणि तीन-चार भेटींत पटले नाही तर दुसरीकडे जायचे. त्यात बेइमानी नाही. शिंप्याचे माप चुकले तर आपण दुसरा बघतोच.

पाटीविषयी जरा सावध राहावे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधे तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. 'समुपदेशक' या शब्दामागे मात्र पदव्युत्तर पदवीपासून पंधरा दिवसांच्या अभ्यासक्रमापर्यंत काहीही असू शकते. तेव्हा शिक्षण काय, आघातावर काम केले आहे का, फी किती, हे पहिल्या फोनवर विचारायला लाजू नये. फी परवडत नसेल तर सरकारी मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. होय, तेच ते 'ठाणे'. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, फोन फुकट. आपण बोललेले बाहेर जाणार नाही, हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. अपवाद थोडे: कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर समुपदेशकाला गप्प बसता येत नाही.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. बाईंची मारहाण भूतकाळातली होती. ज्या घरात ती आज चालू आहे तिथे श्वासाचे व्यायाम आणि नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट हा पहिला उपाय नव्हे. आधी सुरक्षित जागा, आधी १८१ ही महिलांची हेल्पलाइन, कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा. दारू पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीही मदत असते हे पुष्कळांना माहीत नसते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून व्यसनींबरोबर त्यांच्या कुटुंबीयांचाही विचार होतो. 'अल-अनॉन'चे गट तर केवळ घरच्यांसाठीच असतात. बाईंच्या आईच्या तरुणपणी डोंबिवलीच्या चाळीपर्यंत हे पोचले असते तर, असे मनात येते. असो.

*

उपचारात सर्वांत अवघड ठरली ती आई. वडील गेलेले, त्यांच्यावर रागावणे एक वेळ सोपे. पण एके गुरुवारी बाईंच्या तोंडून निघून गेले, "तिनं आम्हाला घेऊन निघून का नाही गेली?" आणि त्या स्वतःच दचकल्या. जिने रात्र-रात्र मार खाऊन सकाळी डबे भरले, तिच्यावर राग? हा राग बोलून दाखवणे म्हणजे आईविरुद्ध फिर्याद करणे, अशी त्यांची भावना. आपल्याकडे समुपदेशनाला विरोध होतो तो बहुतेक याच कारणाने. घरातली गोष्ट बाहेर गेली की घरातले कुणीतरी आरोपी होते असे वाटते. आणि खरे सांगायचे तर हल्लीच्या काही बोलण्यातून तसे वाटण्याला जागाही आहे. मास्तर रागावले तरी 'ट्रॉमा', नणंद टोचून बोलली की 'टॉक्सिक', आणि लगेच संबंध तोडण्याचा सल्ला. काही नाती तोडावीच लागतात, जीव वाचवण्यासाठी तोडावी लागतात. पण जिथे तिथे कात्री चालवणे हा उपचार नव्हे. त्याच्या उलट टोकाला 'झालं गेलं, आईवडीलच ते, माफ कर' म्हणणारे नातेवाईक. माफी ही काही प्रवेश फी नाही, की ती आधी भरल्याशिवाय बरे होता येणार नाही.

बाई ना तोडून आल्या, ना माफ करून. शेवटी एका रविवारी त्या डोंबिवलीला गेल्या आणि आईला एवढेच म्हणाल्या की मी एका मॅडमकडे जाते, लहानपणीचं बोलते. आईने चहाचा कप खाली ठेवला. "मेलेल्या माणसाचं परक्यांपुढे काय काढायचं ते? मी काढले ना दिवस?" मग महिनाभर आईने फोन घेतला नाही.

घरी मात्र उलगडा सोपेपणाने झाला. नवऱ्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्यावर नव्हता राग?" त्यानंतर तो लिफ्टमध्ये शिरण्याआधी खालून फोन करतो: मी आलोय, वर येतोय. फोन वाजतो, मग लिफ्ट वाजते. एवढ्या साध्या गोष्टीला पंधरा वर्षे लागली. सासूबाईंना सांगायचे धाडस करायला आणखी दोन आठवडे गेले. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. दात दुखणारं माणूस घरी येऊन चकली खात नाही."

आजही लिफ्ट वाजली की बाईंचे कान टवकारतात. पण आता त्या डोळे उघडे ठेवतात. मुलगी तर हल्ली बाबांचा फोन आला की ताट गरम करायला उठते.

गेल्या गणपतीत आई घोडबंदर रोडच्या घरी राहायला आली. रुसवा पुरता गेला नव्हता, पण गौरी-गणपती म्हणजे येणे भागच होते. हॉलमध्ये गणपतीसमोर मायलेकी गाद्या घालून झोपल्या. समईचा उजेड. नवऱ्याला त्या रात्री घाटात अडीच तास लागले आणि फोनची बॅटरी संपलेली, त्यामुळे खालून फोन नाही. साडेबाराला लिफ्टचे दार वाजले. बाईंनी तळपाय फरशीला टेकवले आणि श्वास सोडला. त्याच वेळी शेजारच्या गादीवर एकदम शांतता झाली. आई भिंतीकडे तोंड करून होती, आणि इतका वेळ ऐकू येणारा तिचा श्वास थांबला होता.

"आई," बाई हळूच म्हणाल्या, "झोपलीस?"

बराच वेळ काही नाही. कुलपात किल्ली फिरली.

"नाही," आई भिंतीकडे बघतच म्हणाली. "सोंग घेतलंय."

जावई आत आला तेव्हा दोघी गादीवर उठून बसल्या होत्या. "अजून जाग्या?" त्याने विचारले. सासूने पदर सारखा केला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्यासाठी आमटी गरम करायला गेली.